सांधा कुठे आहे ते पाहा

जुन्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यात शिरताना आपण खाली पाहतो ते ठेच लागू नये म्हणून. नजर उंबरठ्यावर जाते आणि तिथून कुणीतरी आपल्याकडे रोखून पाहत असतं. खोबणीबाहेर आलेले गोल डोळे, मागे वळलेली शिंगं, फेंदारलेलं नाक, त्याखाली वरच्या दातांची रांग. आणि पुढे काहीच नाही. खालचा जबडा नाही, हनुवटी नाही, मान नाही. दातांखालून एकदम दगडी वेल निघतो, नाहीतर मोत्यांच्या माळा लोंबू लागतात. शेकडो वर्षं माणसं याला ओलांडून आत जात आली. काही जण वाकून त्याला हात लावतात, तोच हात कपाळाला लावतात आणि मगच पाऊल पुढे टाकतात. याचं नाव कीर्तिमुख.

डार्क फँटसी म्हणून ओळखली जाणारी चित्रं आता घरोघरी फोनवर पोचली आहेत. केसांच्या जागी मुळ्या असलेली बाई, गालावर शेवाळ चढलेला म्हातारा, कपाळातून हरणाची शिंगं फुटलेली मुलगी, छातीच्या पिंजऱ्यात पक्ष्यानं घरटं बांधलेला राजा. अंगावर काटा येतो, पण नजर हटत नाही. यांचा अर्थ लावायचा कसा, असं तरुण मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना सिद्धेश्वरच्या रस्त्याला लावतो.

हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर बहुतेकांना धरणामुळे माहीत आहे. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी, खालच्या अंगाला सिद्धेश्वर, अशी ही जोडी. सिद्धेश्वर धरण १९६८ साली पुरं झालं आणि त्याच्या कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या रानांना पाणी दिलं. जवळच तालुक्याचं गाव आहे औंढा नागनाथ. तिथलं यादवकाळातलं शिवमंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांचाही त्या मानावर दावा आहे, पण मराठी माणसाचा नागनाथ औंढ्याचाच. शिखर नंतरच्या काळातलं आहे. खालचा दगडी भाग मात्र जुना, आणि त्याच्या भिंतींवर देवदेवता, दिक्पाल, सुरसुंदरी, हत्ती यांची दाटी आहे. लिंग जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या उतरून, पाठ वाकवून तिथे जावं लागतं.

अशा मंदिराची शिल्पं भर दुपारी पाहायला जाऊ नये. काळा दगड डोक्यावरच्या उन्हात सपाट होऊन बसतो. सकाळी लवकर, नाहीतर ऊन कलल्यावर जावं. तिरप्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी भरून येतात, ओठांच्या कडा दिसू लागतात, आणि इतका वेळ नुसती नक्षी वाटलेल्या पट्टीतून एकामागून एक चेहरे वर येतात. यादवकाळातल्या मंदिरांच्या जोत्यात कीर्तिमुखांचा असा अख्खा थर असतो. जाणकार त्याला ग्रासपट्टी म्हणतात. एकाला एक लागून, सगळे उपाशी.

त्यांच्या उपासमारीची गोष्ट पुराणात आहे, आणि इतकी भयानक गोष्ट मला दुसरी माहीत नाही. जालंधर नावाच्या बलाढ्य असुरानं राहूला दूत करून शंकराकडे पाठवलं. निरोप असा, की पार्वती मला देऊन टाक. राहू म्हणजे मुळात धड कापलं गेलेलं मस्तक. ते मस्तक हा निरोप घेऊन आलं. शंकराच्या भुवयांच्या मधून एक सिंहमुखी प्राणी बाहेर पडला, हाडं नि कातडं तेवढं उरलेला, भुकेनं वेडापिसा. तो राहूवर झेपावला. राहू शरण आला, शंकरानं त्याला अभय दिलं. पण मग त्या प्राण्यानं विचारलं, मला भूक लागली आहे, मी खाऊ काय? उत्तर मिळालं, स्वतःला खा. त्यानं आज्ञा पाळली. पाय खाल्ले, हात खाल्ले, पोट खाल्लं, छाती खाल्ली. तोंड तेवढं उरलं. शंकर प्रसन्न झाला आणि म्हणाला, तू कायम माझ्या दाराशी राहशील, तुझी पूजा न करता जो येईल त्याला माझी कृपा मिळणार नाही.

आता उंबरठ्यावरचा तो जबडा नसलेला चेहरा पुन्हा पाहा. मान का नाही, ते कळतं. पण मला जास्त ओढ आहे ती तोंडाच्या कोपऱ्याची. तिथे ओठाची कड बाहेर वळते, तिची मिशी होते, मिशीला पीळ पडतो, पिळाला पान फुटतं आणि पान वेलीला जाऊन मिळतं. कुठल्या छिन्नीच्या घावापाशी प्राणी संपला आणि वनस्पती सुरू झाली, ते बोट ठेवून सांगता येत नाही. ज्यानं स्वतःला गिळून टाकलं त्याच्याच तोंडातून रान उगवतं आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच: माणूस आणि निसर्ग मिसळलेला कुठलाही चेहरा समोर आला, की आधी त्याचा सांधा शोधावा. मानेपाशी आहे, कमरेपाशी आहे, की जमिनीला टेकतो तिथे आहे? ठळक आहे की पुसलेला? चित्राचा अर्थ बहुतेक वेळा त्या जोडावर बसलेला असतो. शिंगं, शेवाळ, कवट्या हा सगळा नंतरचा साज.

अंगावर काटा येण्याचंही कारण तिथंच आहे. आपला मेंदू चेहऱ्यांच्या बाबतीत विलक्षण उतावळा आहे. चेहरा दिसल्यापासून साधारण १७० मिलिसेकंदांत त्याची खूण मेंदूच्या विद्युत-आलेखावर उमटते, म्हणजे आपण ‘अरे’ म्हणण्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच ढगात, भिंतीच्या ओलीत, झाडाच्या गाठीत आपल्याला तोंडं दिसतात. मिश्र चेहरा पाहताना डोळे आणि नाक मिळाल्याबरोबर मेंदू निकाल देऊन मोकळा होतो की हा माणूस आहे. मागाहून बाकीची साक्ष येते: याला मुळ्या आहेत, याला फणा आहे. निकाल फिरवता येत नाही आणि साक्षही नाकारता येत नाही. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली यंत्रमानवांबद्दल लिहिताना म्हटलं होतं, की माणसासारखं जवळजवळ दिसणारं, पण पुरतं माणूस नसलेलं काही पाहिलं की आपला जीव चरकतो. कीर्तिमुखाच्या कारागिरानं हे हातानं जाणलं होतं. डोळे तो माणसाचे ठेवतो, अगदी गोल, अगदी जागे. खालचं सगळं रानाच्या हवाली करतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात या मिश्रणासाठी दोन रस जवळजवळ ठेवावे लागतील, भयानक आणि अद्भुत. तिथे प्रत्येक रसाला रंग आहे आणि देवता आहे. भयानकाचा रंग काळा, अद्भुताचा पिवळा. भयानकाची देवता काळ. हा काळ दगडातही भेटतो. वेरुळला सप्तमातृकांच्या रांगेशेजारी त्याला कोरलं आहे तो हाडांचा सापळा म्हणून. फासळ्या मोजाव्यात, पोट पाठीला लागलेलं, आणि तरी बसण्याची ऐट एखाद्या यजमानाची. डार्क फँटसी हे नाव नवीन, पण काळ्या रंगावर पिवळा उजेड पाडण्याची ती युक्ती आपल्याकडे रसशास्त्रातच सांगून ठेवलेली आहे.

कमरेपाशी सांधा असलेला सगळ्यात ओळखीचा देह म्हणजे नाग. वर मनुष्य, खाली वेटोळं. कधी कारागीर तेही करत नाही. माणूस पुरता माणूसच ठेवतो आणि डोक्यामागे फणा उभारतो. अजिंठ्याला १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज राणीला शेजारी घेऊन आरामात बसला आहे, त्याच्या मस्तकामागे सात फणा, तिच्यामागे एक. चेहऱ्यावर विषाचा लवलेश नाही. पाहणाऱ्यानं फणा क्षणभर झाकून पाहावी, समोर एक सुखी संसारी जोडपं उरतं. फणा परत आणली की तेच जोडपं पाताळाचं होतं. एवढ्या थोड्या खर्चात एवढं मोठं रूपांतर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नरसिंहाचा सांधा मानेवर. नागपूरजवळ रामटेकला पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं केवल-नरसिंहाचं मंदिर आहे. तिथला नरसिंह कुणाचं पोट फाडत नाही. नुसता बसला आहे, भरदार, मान खांद्यांत रुतलेली, सिंहाचं तोंड आणि माणसाची बैठक. ही कल्पना माणसाला किती जुन्या काळी सुचली होती, ते कळलं की डोकं गरगरतं. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ साली मॅमथच्या सुळ्यात कोरलेल्या एका मूर्तीचे तुकडे सापडले. जोडल्यावर उभा राहिला सिंहाच्या डोक्याचा माणूस, सुमारे ३१ सेंटीमीटर उंच, वय जवळपास ४०,००० वर्षं. शेती नाही, मडकं नाही, गाव नाही, आणि तरी कुणीतरी दिवसच्या दिवस तो कठीण सुळा खरवडत बसलं होतं, या मानेवर ते डोकं नीट बसावं म्हणून.

अर्धनारीनटेश्वराचा सांधा उभा आहे, मस्तकापासून पायापर्यंत. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

मला थांबायचं आहे ते मराठवाड्यातल्या दोन देवींपाशी. पहिली माहूरची रेणुका. गडावर देवीची उभी मूर्ती नाही. आहे तो तांदळा, म्हणजे नुसता मुखाचा भाग, शेंदरानं भरलेला, मोठा, जमिनीतून वर आलेला. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. जमदग्नीच्या आज्ञेनं परशुरामानं आईचं मस्तक उडवलं. पुढे आईच्या दर्शनासाठी तो व्याकूळ झाला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की ती जमिनीतून प्रकट होईल, मागे वळून पाहू नकोस. त्यानं पाहिलं. तेवढ्यात मुख बाहेर आलं होतं, आणि तेवढंच राहिलं. या चेहऱ्याचा सांधा कुठे? जमिनीच्या पातळीवर. वर आई, खाली अख्खा डोंगर. मान, खांदे, हात, सगळं सह्याद्रीच्या त्या फाट्यात मुरलेलं आहे, असं समजूनच माणूस समोर हात जोडतो. जगातल्या कुठल्याही चित्रकारानं माणसाचं शरीर भूगोलात इतक्या सहज विरघळवलेलं मला माहीत नाही, आणि हे करायला कुठलाही चित्रकार लागला नाही, एका मुलाचं मागे वळून पाहणं पुरलं.

दुसरी देवी नेमकी उलटी. तिला देह आहे, मस्तक नाही. तेर आणि भोकरदनसारख्या सातवाहनकालीन नगरांच्या मातीतून तिच्या लहान मूर्ती निघाल्या आहेत. गुडघ्यांत दुमडून फाकलेले पाय, प्रसवाची बैठक. तिच्या काही रूपांत मानेवर डोक्याच्या जागी पूर्ण उमललेलं कमळ असतं. बदामीच्या संग्रहालयातली पाषाणमूर्ती त्यासाठी प्रसिद्ध आहे. लोक तिला लज्जागौरी म्हणतात. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि या शिरोहीन देवीचा धागा रेणुका-यल्लम्मेपर्यंत, वारुळापर्यंत, भूमीपर्यंत नेऊन जोडला. ते वाचल्यापासून माहूरचं मुख आणि तेरचा देह मला वेगळे ठेवता येत नाहीत. एकीकडे जमिनीनं देह ठेवून घेतला आणि मुख दिलं, दुसरीकडे मुख ठेवून घेतलं आणि देह दिला.

मस्तकाच्या जागी कमळच का, हे पाहण्यासारखं आहे. फूल मानेवर बसवताना कारागिरानं देठ दाखवला नाही. मान हाच देठ. बाईच्या देहातला रस वर चढतो आणि तिथे फुलतो, असा तो जोड आहे. ही मूर्ती पहिल्यांदा पाहणारा दचकतो, कारण चेहरा शोधणाऱ्या मेंदूला चेहरा मिळत नाही. मग पाकळ्यांवर नजर स्थिरावते. हळूहळू ते फूलच आपल्याकडे पाहू लागतं. भय आणि मांगल्य एकाच जागी कसं राहतं, याचं याहून सोपं उदाहरण मला देता येणार नाही.

आणि सांधणं हेच जिचं कर्तृत्व, ती राक्षसी तर मराठी घरांत भिंतीवर आहे. आषाढ संपता संपता जिवतीचा कागद आणून देवाजवळ लावतात. छापील चित्र, चार खणांचं. एका खणात नरसिंह, एकात कालियावर नाचणारा कृष्ण, एकात हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती, आणि एकात पोराबाळांनी वेढलेल्या जरा आणि जिवंतिका. श्रावणातल्या शुक्रवारी आई मुलांना ओवाळते ती यांच्याच समोर. त्यातली जरा म्हणजे महाभारताच्या सभापर्वातली राक्षसी. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांनी एकच फळ वाटून खाल्लं, दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. घाबरून ती दोन शकलं बाहेर टाकली. तिथे जरा आली. खायला म्हणून तिनं दोन्ही तुकडे उचलून एकत्र धरले, आणि ते जुळले. मूल रडलं. मांस खाणारी राक्षसी ते मूल घेऊन राजाकडे गेली. तोच जरासंध. पुढे भीमानं त्याला मारलं तेही उभं चिरून, त्याच रेषेवरून. सगळं बळ जिथून आलं, मृत्यूही तिथूनच आला.

माझ्या लहानपणी त्या चित्राकडे मी भीतभीत पाहायचो, आणि तरी ओवाळून घेताना सुरक्षित वाटायचं. चार खणांत एक सिंहमुखी, एक विषारी नाग, एक वाघ, एक राक्षसी. एवढ्या भयंकर मंडळींच्या हवाली आई आपलं मूल निर्धास्तपणे करते. बाहेरच्या भयाला आत बोलावून, त्याला हळदकुंकू वाहून, त्यालाच राखणीला बसवायचं, हा मोठा शहाणपणा आहे. कीर्तिमुख दाराशी बसतं ते याच हिशेबानं. किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचे शरभही त्याच कामाला लावलेले.

घारापुरीला मात्र सगळा हिशेब बदलतो. तिथे सांधा सापडतच नाही. सहाव्या शतकातल्या त्या लेण्यात, मागच्या भिंतीतून, सुमारे साडेपाच मीटर उंचीचा सदाशिव बाहेर येतो. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. लोक त्याच्याच समोर उभे राहतात आणि फोटो काढतात. मी सांगेन, डावीकडे सरका. तिथे अघोर आहे, भैरव. नाक बाकदार, भुवया आक्रसलेल्या, ओठांवर मिशी, हातात फणा काढलेला साप. जटांत साप वळवळतात, त्यांत कवटी खोवलेली आहे. आणि केस कुठले, साप कुठले, ते वेगळं काढता येत नाही. दोघांचा पीळ एकच आहे. उजवीकडचा वामदेव, ज्याला कुणी उमेचा चेहरा म्हणतात, त्याच्या हातात कमळ आहे, कुरळ्या बटांत मोती आहेत, खालचा ओठ जरा भरलेला. तीन चेहरे एकाच मानेतून फुटले आहेत, आणि त्या मानेचा सांधा थेट डोंगराशी आहे. अघोराला एकट्यानं पाहिलं तर तो जगातल्या कुठल्याही काळ्या व्यक्तिचित्राला भारी पडेल. पण कारागिरानं त्याला एकटा सोडला नाही. साप आणि कमळ एकाच देहाचे आहेत, ही गोष्ट पटवायची तर तिघांना एका दगडातून काढण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

बाहेरच्या जगातही हा छंद जुना आहे. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये खांबांच्या माथ्यावर पानांनी बनलेली तोंडं कोरलेली आहेत, काहींच्या ओठांतून फांद्या निघतात. लेडी रॅगलन यांनी १९३९ साली त्यांना ग्रीन मॅन हे नाव दिलं आणि तेच रूढ झालं. प्राचीन चीनच्या काशाच्या भांड्यांवर थाओथ्ये नावाचा मुखवटा असतो, त्यालाही बहुधा खालचा जबडा नाही. जावा बेटावरच्या मंदिरांत तर दारावर काळाचं मुख आहेच, आपल्या कीर्तिमुखाचा सख्खा भाऊ. या सगळ्यांचं आपसांत नातं आहे की माणसाचा मेंदूच सगळीकडे सारखं स्वप्न पाहतो, या विचारात रात्र सहज सरते.

जुझेप्पे आर्चिंबोल्दो या मिलानच्या चित्रकारानं १५९१च्या सुमारास सम्राट दुसऱ्या रूडॉल्फचं व्यक्तिचित्र फळभाज्यांनी काढलं. नाक पेअरचं, गाल फळांचे, पापण्या शेंगांच्या, कानाच्या जागी मक्याचं कणीस. वर्तुम्नस हे ऋतूंच्या रोमन देवाचं नाव त्याला दिलं. आज ते स्वीडनमधल्या स्कोक्लोस्टर वाड्यात आहे. यात सांधाच सांधा आहे, पानोपानी. चित्र हसवतं, आणि हसू ओसरल्यावर एक गोष्ट जाणवते: या राजाच्या चेहऱ्यातलं एकही अंग त्याचं स्वतःचं नाही. सगळं बाजारातून, शेतातून, परसातून आलेलं. हंगाम सरला की राजाही नासणार.

अलीकडचं मराठी मातीतलं उदाहरण हवं असेल तर २०१८ सालचा ‘तुंबाड’ आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट हिंदीत आहे, पण त्याचं बळ कोकणच्या पावसातलं आणि नारायण धारपांच्या भयकथेच्या प्रेरणेतलं. त्यातली म्हातारी शापामुळे मरत नाही. वर्षं जातात, वाडा पडतो, आणि तिच्या देहातूनच झाड उगवलेलं असतं. डोळे आणि आवाज तेवढे माणसाचे. पडद्यावरचं ते दृश्य पाहताना थिएटरमध्ये माणसं आवंढा गिळतात. मला वाटतं यात नवल नाही, कारण पडक्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ उगवलेला आपण प्रत्येकानं पाहिलेला असतो. मुळी दगडाला कशी फोडते ते ठाऊक असतं. इथे भिंतीच्या जागी आजी आहे. सांधा मुळांचा आहे, आणि मुळं थांबत नाहीत. कीर्तिमुखाच्या तोंडातून वेल बाहेर येतो, इथे झाडाची मुळं आत शिरतात. सोसणारं शरीर कुणाचं आणि वाढणारं कुणाचं, हे एकदा पाहिलं की दोन्ही चित्रांच्या स्वभावातला फरक लख्ख कळतो.

तरुण चित्रकारांना मी म्हणूनच सांगतो की शिंगं काढायच्या आधी कपाळ काढा. कातडीला भेग पडली आहे का, रक्त आलं आहे का, की शिंग तिथे जन्मापासून आहे? भेग पडली असेल तर ते चित्र अत्याचाराचं आहे. कातडी गुळगुळीत असेल तर ते कुळाचं आहे. भेग भरून तिथे शेवाळ आलं असेल तर काळ बराच गेला आहे आणि दोघांनी एकमेकांना मान्य केलं आहे. तीन चित्रं वेगळी झाली, आणि शिंग तिन्हीत सारखंच.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुलांना सिद्धेश्वरच्या बाजूला पाठवतो ती गोष्ट. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाची कथा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आहे. दारुका नावाची एक राक्षसी होती. तिला पार्वतीनं एक वर दिला होता, आणि तो वर वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. ती जिथे जाईल तिथे तिचं वन तिच्याबरोबर जाईल. झाडंझुडपं, जमीन, सगळ्यासकट. राक्षसांचा छळ वाढला तेव्हा और्व ऋषींनी शाप दिला, की पृथ्वीवर प्राण्यांना मारतील तर राक्षस स्वतःच मरतील. देव चालून आले. लढलं तर शाप, न लढलं तर मरण. तेव्हा दारुकेनं आपलं वन उचललं आणि समुद्रात नेऊन ठेवलं. तिथून ते लोक येणाऱ्याजाणाऱ्या नावा धरू लागले. त्यांत सुप्रिय नावाचा एक शिवभक्त वैश्य सापडला, बंदीखान्यातही त्यानं पूजा सोडली नाही, शंकर प्रकट झाला, राक्षस मारले गेले. पण पार्वतीनं मध्ये पडून दारुकेला राखलं. ती माझीच शक्ती आहे, असं तिचं म्हणणं.

औंढ्याच्या देवळात हात जोडणाऱ्यांना भक्त सुप्रिय आठवतो, ते योग्यच आहे. मला दारुका आठवते. सिद्धेश्वरच्या जलाशयाकाठी उभं राहिलं की पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा विचार आपोआप येतो: बांध, पाऊलवाटा, झाडांची खोडं, कुणाची तरी रानं. पाण्यात उतरलेलं वन ही कल्पना इथे पुराणातून काढावी लागत नाही.

तिचं चित्र कुणीतरी काढावं असं मला फार वाटतं. अवघड आहे ते, कारण डोक्यावर फांद्या लावून भागणार नाही. तिच्या अंगातून झाड उगवलेलं नाही आणि ती झाड झालेलीही नाही. वन तिच्या मागे येतं, बोलावल्यावर येतं, समुद्रावरही येतं. म्हणजे सांधा तिच्या देहावर कुठेच नाही. तो तिच्या चालण्यात आहे. चित्रकारानं तिच्या तळव्यापासून सुरुवात करावी. एक पाय टेकलेला, त्याच्याभोवती माती धरून बसलेली मुळं. दुसरा पाय उचललेला, आणि त्याच्या टाचेला चिकटून वर येणारी तीच माती, सुटायची बाकी असलेली. चेहऱ्यावर राग रंगवू नये. घरदार घेऊन निघालेल्या बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय असतं, ते या धरणाच्या काठच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावं आणि मग रंगाला हात घालावा.